जोतिबाच्या रात्रीच्या वाटेसाठी वीज पिकवणारे जाकीट: एक प्रकरण अभ्यास

चैत्र यात्रेला आणि श्रावण षष्ठीला कोल्हापुरातून जोतिबाला पायी जाणारे अनेक जण रात्रीच वाट धरतात. शिवाजी पूल ओलांडला की रत्नागिरी रस्ता लागतो. केर्लीपर्यंत भरधाव वाहने आणि तिथून वळले की वाडी रत्नागिरीची चढण. मागून येणाऱ्या गाडीला माणूस दिसत नाही, ही या वाटेची खरी अडचण. त्यावर उपाय म्हणून मागणी अशी मांडली: शर्टावरून घालायचे बिनकॉलरचे जाकीट, चालण्याच्या हालचालीतून स्वतः वीज तयार करणारे, ती साठवणारे आणि पाठीवर तांबडा दिवा लुकलुकवणारे. सेल नको, चार्जर नको. दिवा सेकंदाला किमान एकदा लागला पाहिजे.

चालणाऱ्या माणसाच्या अंगातून सर्वांत जास्त ऊर्जा मिळते ती टाचेखाली. १९९६ मध्ये एमआयटीतील संशोधक थॅड स्टार्नर यांनी केलेल्या हिशेबात ६८ किलोच्या माणसाच्या पावलांतून तत्त्वतः ६७ वॉट निघतात. १९९८ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबने बुटात पायझो पट्ट्या (दाबल्यावर वीज देणाऱ्या) बसवल्या, तेव्हा प्रत्यक्षात हाती आले ते मिलिवॉटच्या घरात. तरी दिव्याला तेवढेही पुष्कळ झाले असते. पण जोतिबाला जाणारे कितीतरी भाविक अनवाणी चालतात, आणि जे पायताण घालतात त्यांच्या चपलेच्या चामड्याच्या थरात यंत्र बसवायला जागा नसते. त्यामुळे पाय सोडून द्यावे लागतात. उरते ते कापड, आणि कापडात हाताच्या झोक्याबरोबर बाही व कूस यांचे होणारे घर्षण.

तत्त्व आणि हिशेब

दोन वेगळी कापडे घासली की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण चार्ज बसतो. त्यातून वीज काढणाऱ्या ट्रायबोइलेक्ट्रिक जनरेटरची कल्पना जॉर्जिया टेकमधील झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडली. या प्रकरणासाठी त्याचा सरकता प्रकार घेतला. कुशीवर एकाआड एक अ आणि ब अशा वाहक पट्ट्या आणि बाहीच्या आतल्या अंगाला नायलॉनच्या पट्ट्या. हात पुढे-मागे झाला की नायलॉनची पट्टी अ वरून ब वर सरकते आणि अ आणि ब या दोन्ही इलेक्ट्रोडमधून चार्ज इकडून तिकडे ढकलला जातो.

मापे अशी. प्रत्येक वाहक पट्टी १० मिमी, मधली फट २.५ मिमी, म्हणजे अ पासून ब पर्यंत १२.५ मिमी. नायलॉनची पट्टी १२.५ मिमी रुंद आणि दोन पट्ट्यांमधले अंतरही तेवढेच. बाहीचा तुकडा १२.५ सेंमी लांब आणि १० सेंमी उंच, त्यात नायलॉनच्या ५ पट्ट्या. नायलॉनचे एकूण क्षेत्र ६२.५ चौरस सेंमी. कापडावर चौरस मीटरला १० मायक्रोकूलोम चार्ज बसतो असे धरले, तर एका सरकण्याला ०.०६ मायक्रोकूलोम हलतो. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत फिल्मवर याच्या कितीतरी पट चार्ज मिळतो, पण विणलेले कापड खडबडीत असते आणि स्पर्श ठिपक्याठिपक्यांनी होतो, म्हणून आकडा मुद्दाम कमी धरलेला बरा.

कोपराच्या वर बाही कुशीवरून १२.५ सेंमी सरकली तर एका झोक्यात १० वेळा चार्ज हलतो, ये-जा धरून २० वेळा. मिनिटाला ११० पावले म्हणजे एका हाताच्या ५५ ये-जा. गुणाकार केला की एका हाताचे १.१ मायक्रोअँपिअर येतात. जाकीट अंगावर नेहमी नीट टेकत नाही. निम्मा वेळ स्पर्श धरला आणि दोन्ही हात मिळवले, तर हाती राहतो साधारण १ मायक्रोअँपिअर. पुढचा सगळा विचार या एका आकड्याभोवती फिरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते. चैत्रात सासनकाठी धरणाऱ्याचे दोन्ही हात काठीला असतात. त्याच्या बाह्या सरकत नाहीत, त्याचे जाकीट काहीच देत नाही. खांद्यावर लेकरू घेतलेल्या बापाचेही तेच.

विणकाम: धोटा कोणत्या बाजूला वळतो

कापड विणायचे तर इचलकरंजी जवळच आहे. पण तिथल्या कोणत्या मागावर, हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण इथे मागाचा प्रकारच विजेची जोडणी ठरवतो.

रेपिअर मागावर (धोट्याशिवाय चालणारा आधुनिक माग) बाण्याचा, म्हणजे आडवा, प्रत्येक धागा दोन्ही काठांना कापला जातो. वाहक बाणा टाकला तर १० मिमीच्या पट्टीत दोन डझन सुटे तुकडे तयार होतात आणि प्रत्येकाला काठावर वेगळे जोडावे लागते. जुन्या धोट्याच्या मागावर बाणा अखंड असतो. कांडी (धोट्यातली धाग्याची गुंडाळी) संपेपर्यंत एकच धागा या काठावरून त्या काठावर वळत राहतो, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रोड आपोआप एकसंध होतो. आधुनिक नाही म्हणून मोडीत निघणारा माग या कामाला जास्त योग्य ठरतो.

तरीही साधा धोट्याचा यंत्रमाग पुरत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले, कापडाचा पन्हा (रुंदी) ४८ इंच आणि आपल्याला हवा तुकडा १० सेंमी. कापला की अखंडपणा गेला. दुसरे, एका बाजूला ड्रॉपबॉक्स (अनेक धोटे ठेवायची वर-खाली होणारी पेटी) असलेल्या मागावर अ आणि ब हे दोन्ही धोटे त्याच बाजूला थांबतात. न चालणाऱ्या धोट्याचा धागा काठाला लोंबत पुढच्या पट्टीपर्यंत जातो, आणि वाटेत दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या वळणांना घासतो. अ आणि ब तिथेच एकमेकांना चिकटले की सगळे कापड शॉर्ट.

म्हणून नमुन्यासाठी हाताने चालवायचा अरुंद माग घ्यावा. ताणा (उभे धागे) १५० डेनिअर जाडीचे पॉलिएस्टर, इंचाला ६० तार, पन्हा १० सेंमी. तीन धोटे: अ, ब आणि फटीसाठी साधे पॉलिएस्टर. नियम एकच: अ चा धोटा नेहमी डावीकडून निघून डावीकडेच थांबला पाहिजे आणि ब चा नेहमी उजवीकडे. त्यासाठी प्रत्येक पट्टीत पिकांची (धोट्याच्या फेऱ्यांची) संख्या सम हवी. इंचाला ६० पिक धरले तर १० मिमीला २४ पिक आणि २.५ मिमीच्या फटीला ६ पिक. विणकर गप्पांत रमला आणि २३ पिकांवर थांबला, तर धोटा चुकीच्या काठाला राहतो; तो तसाच पुढे चालवला तर दोष कापड धुऊन वाळवून मीटर लावेपर्यंत कळत नाही. दर पट्टीनंतर धोटा कुठे आहे हे पाहायची सवय हवी, आणि दर पाच पट्ट्यांनंतर अ-ब मध्ये मीटर लावून बघायचे.

वाहक धागा चांदी चढवलेल्या नायलॉनचा घ्यावा, पण उघडा नको. त्याच्यावर पॉलिएस्टर फिलामेंटचे दुहेरी वेष्टन असलेला कव्हर्ड धागा हवा. घामातले क्षार चांदी खातात आणि ओले बोट अ-ब वर टेकले की गळती सुरू होते. वेष्टन असले तरी चार्ज त्याच्यातून प्रवर्तनाने हलतोच, त्यामुळे थोड्या जाडीने फारसे बिघडत नाही. टोकाला वेष्टन दोन सेंमी सोलून तिथे टिकटिक बटण दाबून बसवावे. चांदीच्या धाग्यावर सोल्डर करू नये, नायलॉन वितळते.

सुताचा ताणा वापरायचा मोह होतो, कारण अंगाला तो बरा वाटतो. सूत नेहमीच्या हवेत वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. अ आणि ब मधल्या फटीत सूत असले की ती फट दमट हवेत रेझिस्टर होते. अंगाला लागणारे अस्तर सुती चालेल. इलेक्ट्रोड विणलेल्या कापडात सूत नको.

धुलाई आधी, शिलाई नंतर

नवे पॉलिएस्टर धाग्यावर तेलाचा थर घेऊन येते आणि त्यात अँटीस्टॅटिक द्रव्य असते. मागावर धागा चिकटू नये म्हणून ते लागते, पण आपल्याला हवा तोच गुण ते मारते. सायझिंग केले असेल तर खळही ओलावा धरते. म्हणून विणल्यावर ६० ते ७० अंश पाण्यात, लिटरला १ ते २ ग्रॅम नॉन-आयोनिक साबण घालून अर्धा तास धुवावे आणि साध्या पाण्याने तीन-चार वेळा खळबळावे. कपडे मऊ करणारे कंडिशनर कधीही वापरू नये, ते अँटीस्टॅटिकच आहे. क्लोरीनचे ब्लीच चांदी काळी पाडते. घरी सांगताना या दोन सूचना जाकिटाच्या आतल्या लेबलवर छापाव्यात, नाहीतर पहिल्याच धुण्यात काम संपते.

धुतल्यावर कापड थोडे आटते, म्हणून नायलॉनच्या पट्ट्या आटून झाल्यावरच्या मापाने कापाव्यात. बाहीवरचे माप कुशीपेक्षा ५ टक्क्यांनी जरी चुकले, तरी पाचव्या पट्टीपर्यंत पाव आवर्तनाचा फरक पडतो आणि काही पट्ट्या चार्ज ढकलत असताना काही ओढायला लागतात. तिरकेपणाचेही तसेच. बाही कुशीला ७ अंश तिरकी बसली तर साधारण एक तृतीयांश चार्ज वाया जातो, १४ अंशांना तो जवळजवळ शून्य होतो. हात कंसात फिरत असल्याने कोन सतत बदलत राहतो. १० सेंमी उंचीचा एक तुकडा लावण्यापेक्षा ५ सेंमीचे दोन, एकाखाली एक, थोड्या वेगळ्या कोनात शिवले आणि प्रत्येकाला वेगळा ब्रिज (उलटसुलट वीज एका दिशेला वळवणारे चार डायोड) दिला तर हे नुकसान कमी होते.

साठवण: कपॅसिटर का भरत नाही

पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो: १एन४००७ चे चार डायोड, चार्ज साठवायला १०० मायक्रोफॅरॅड १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्यावर एलईडी. मग तासभर हात हलवून कपॅसिटरवर काहीच दिसत नाही, आणि दोष कापडाला दिला जातो.

कापडाचा दोष नसतो. अशा कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये गळतीची मर्यादा ०.०१ गुणिले धारिता गुणिले व्होल्ट अशी असते. म्हणजे इथे १६ मायक्रोअँपिअर. प्रत्यक्ष गळती बरीच कमी असली तरी येणारा प्रवाहच १ मायक्रोअँपिअर आहे. १एन४००७ ची उलट दिशेची गळतीही ५ मायक्रोअँपिअरपर्यंत मान्य असते, आणि अंगाच्या उबेने ती आणखी वाढते. बुडाला भोक पडलेल्या घागरीत ओंजळीने पाणी ओतावे तसा हा प्रकार. सुपरकपॅसिटर घेतला तर गळतीचा विचार बाजूला ठेवूनही ०.१ फॅरॅडला ५ व्होल्टपर्यंत भरायला ५ लाख सेकंद लागतात, म्हणजे न थांबता पावणेसहा दिवस चालणे.

उपाय कमी व्होल्टचा नाही, जास्त व्होल्टचा आहे. कापडाकडे प्रवाह नाही, पण व्होल्ट भरपूर आहेत. १०० मायक्रोफॅरॅडला ५ व्होल्टपर्यंत नेले तर, गळती शून्य धरून, ५०० सेकंदांत १.२५ मिलिज्यूल साठतात. त्याऐवजी १ मायक्रोफॅरॅडचा २५० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर १०० व्होल्टपर्यंत नेला तर ५ मिलिज्यूल साठतात. व्होल्ट वाढतील तसा कापडातून येणारा चार्ज घटतो. बिनभाराचे व्होल्ट २०० धरले तर १०० सेकंदांऐवजी सुमारे १४० लागतात. तरीही दर सेकंदाची कमाई अडीच मायक्रोवॉटवरून ३६ मायक्रोवॉटवर जाते.

यासाठी सर्किटमध्ये तीन गोष्टी बदलतात. डायोड बीएव्ही२१, ज्याची गळती २०० व्होल्टला १०० नॅनोअँपिअरच्या आत असते. दोन हातांना दोन वेगळे ब्रिज, कारण दोन्ही हात उलट दिशेने चालतात आणि आधीच एकत्र केले तर एकमेकांची कमाई पुसतात. आणि साठलेला चार्ज सोडण्यासाठी डायॅक (ठरल्या व्होल्टला आपोआप चालू होणारा स्विच) नव्हे तर निऑन दिवा, टेस्टरमध्ये असतो तसला. डायॅकची गळतीच सगळे खाऊन टाकते. न पेटलेला निऑन जवळजवळ काहीच खात नाही.

निऑनच्या मालिकेत १० तांबड्या एलईडी आणि पाठीमागे ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. व्होल्ट नव्वदीच्या आसपास गेले की निऑन पेटतो, २० व्होल्ट उतरेपर्यंत चार्ज सोडतो आणि विझतो. एका झटक्यात २ मायक्रोकूलोम दहाही एलईडींतून जातात. प्रकाश तेवढाच, जेवढा एका एलईडीला २ मिलिअँपिअर १० मिलिसेकंद दिल्यावर मिळतो. अंधारात तो दिसतो. नव्वद व्होल्टला प्रवाह निम्म्यावर आलेला असतो, म्हणून दोन झटक्यांत साडेतीन ते चार सेकंद जातात. निऑनचा एक स्वभाव इथे नडतो: पूर्ण काळोखात तो ठरल्या व्होल्टपेक्षा उशिरा पेटतो. तो काळ्या टेपमध्ये गुंडाळून ठेवू नये. दिव्याच्या पट्टीतच बसवावा, म्हणजे रस्त्यावरचा आणि एलईडीचा थोडा उजेड त्याच्यावर पडत राहील.

बोर्डाची स्वच्छता ही इथे वरवरची बाब नाही. १०० व्होल्टवर १०० मेगाओहमची वाट मिळाली की पूर्ण १ मायक्रोअँपिअर तिथूनच निघून जातो. सोल्डरचा फ्लक्स आणि बोटाचा घाम मिळून अशी वाट सहज तयार करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवावे, सुकवावे, मग इपॉक्सीचा थर द्यावा आणि त्यानंतर बोट लावू नये.

मोजताना साधे मल्टिमीटर फसवते. त्याचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. १ मायक्रोअँपिअरला तो १० व्होल्टच दाखवतो आणि कापड निकामी वाटते. योग्य रीत अशी: १ मायक्रोफॅरॅडचा रिकामा फिल्म कपॅसिटर ब्रिजला लावा, एका हाताच्या बाहीचे मोजून ५० झोके द्या, ब्रिज सोडवा आणि मीटर टेकवल्याक्षणी दिसणारा पहिला आकडा लिहा. मीटर लावल्यापासून १० सेकंदांत व्होल्ट तिसऱ्या हिश्श्यावर येतात, म्हणून पहिलाच आकडा खरा. जितके व्होल्ट, तितके मायक्रोकूलोम. वरच्या हिशेबाने ३० पर्यंत येऊ शकतात; १० च्या खाली आले तर आधी बाहीची ठेवण बघावी, मग धुलाई, मग बोर्ड.

निर्णय

सगळे जमले तरी चार सेकंदांत एक झटका. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटारसायकल तेवढ्यात ५५ मीटर पुढे येते. मागणी सेकंदाला एकाची होती. त्याहून वाईट म्हणजे दमलेला माणूस कडेला टेकला की हात थांबतात आणि वीसेक सेकंदांचाही साठा नसल्याने दिवा बंद. अंधारात रस्त्याकडेला स्थिर बसलेला माणूस, म्हणजे ज्याला दिव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही.

चैत्रात हे निदान चालते. त्यातही गुलाल बाहीच्या आत शिरला की दोन कापडांच्या मध्ये बसतो आणि स्पर्श तुटतो. श्रावण षष्ठीला मात्र पाऊस आणि धुके. ओल्या कापडावर चार्ज टिकत नाही, वरून रेनकोट घातला की बाही कुशीला लागतच नाही. त्या रात्री हे जाकीट शून्य वीज देते, आणि कुठल्याही कोटिंगने ते बदलेल असे मानून माणसांना रस्त्यावर पाठवू नये.

म्हणून दिव्याची जबाबदारी कापडावर टाकायची नाही. सीआर२०३२ हा बटण-सेल २२० मिलिअँपिअर-तासांचा असतो. सेकंदाला १० मिलिअँपिअर २० मिलिसेकंद, म्हणजे कापडाच्या एका झटक्याच्या दसपट प्रकाश, दिला तरी तो हजार तासांच्या आसपास पुरतो. एका यात्रेचे चालणे पाच-सहा तासांचे. पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर ५ सेंमी रुंदीची रिफ्लेक्टिव्ह पट्टी, ती सेलशिवायही चमकते. साधे दाबायचे बटण, जे श्रावणात वापरायचे.

विणलेल्या कापडाला यात काम उरते ते जागे करण्याचे. हाताच्या एका झोक्यात १० स्पंदने मिळतात, मॉस्फेटच्या (इवल्याशा चार्जने चालू होणाऱ्या स्विचच्या) गेटला तेवढा चार्ज पुष्कळ होतो. गेटवर १० व्होल्टचा झेनर (व्होल्ट मर्यादेत ठेवणारा डायोड) लावून कंट्रोलर जागा करावा आणि शेवटच्या स्पंदनानंतर १५ मिनिटे दिवा चालूच ठेवावा, म्हणजे टेकलेला माणूसही दिसत राहील. हीच स्पंदने मोजून पावलांचा हिशेब फुकट मिळतो. या कापडाचा खरा उपयोग दिव्यापेक्षा तिथे जास्त आहे असे आमचे मत.

सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा घ्यावा. यात्रेत लहान मुले बरोबर असतात, आणि बटण-सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघते. वेल्क्रोचा कप्पा या जाकिटात चालणार नाही.